‘फक्त स्त्रिया’ हा फिल्टर : दहा महिने वापरून

काल रात्री फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन डेटिंग अ‍ॅपचं सबस्क्रिप्शन रद्द केलं आणि ‘रद्द झाले’ असं स्क्रीनवर दिसल्यावरच झोपले. अ‍ॅप काढून टाकलं की पैसे कापले जाणंही थांबतं, या समजुतीपायी माझे एकदा सहा महिन्यांचे पैसे गेलेत. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते : फोनच्या स्टोअरमधून पैसे भरले असतील तर तिथे जाऊनच ते रद्द करावं लागतं. नुसतं अ‍ॅप डिलीट करून काही होत नाही.

अ‍ॅपचं नाव लिहीत नाही. मी तीन वापरली, पैसे एकालाच दिले, आणि माझी तक्रार तिन्हींना लागू पडते. स्वाइप, मॅच वगैरे वाचणारीला माहीत असणारच. मला बोलायचंय ते एकाच गोष्टीबद्दल. नोंदणी करताना विचारतात, कुणाला भेटायला आवडेल? मी लिहिलं, फक्त स्त्रिया. मी लेस्बियन आहे, चौतिशीला आलेय आणि मला जोडीदार हवी आहे. यात गैरसमज व्हावा असं काहीच नाही.

पहिले आठ दिवस छान गेले. नवव्या दिवशी दाढीवाला आला. खाली लिहिलेलं, ‘चुकून फीमेल सिलेक्ट झालंय, पण आता आलीच आहेस तर हाय कर.’ मग असे येतच राहिले. त्यानंतर जोडपी. पहिल्या तीन फोटोंत ती एकटी, चौथ्यात तिच्या खांद्यावर त्याचा हात, आणि सगळ्यात शेवटी, ‘आम्हा दोघांना एक मैत्रीण हवी आहे.’ मी डायरीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले, पुरुष आणि जोडपी, आणि रोज रात्री नोंद करायला लागले.

काही जण बाईच्या नावाने, बाईचे फोटो लावून यायचे. त्यांना पकडायला मराठीनेच मला साधन दिलं होतं : क्रियापद. पहिल्या ओळीत ‘मी एकटीच राहते’ आणि तिसऱ्या ओळीत ‘कामावरून आलो की गाणी ऐकतो’. एवढं दिसलं की डावीकडे सरकवायचं, म्हणजे नाकारायचं, जमलं तर रिपोर्ट करायचं आणि डायरीत लिहायचं. ही युक्ती मी दोन-तीन मैत्रिणींनाही शिकवली. या क्रियापदाबद्दल पुढे पुन्हा लिहायचंय.

कस्टमर केअरला स्क्रीनशॉट जोडून तीन मेल केले. तिन्हींना एकच उत्तर आलं, की अशी प्रोफाइल दिसल्यास कृपया रिपोर्ट करा. म्हणजे फिल्टरचे पैसे मी भरायचे आणि गाळण्याचं कामही मीच करायचं. पैसे परत मागितले तर ते म्हणाले स्टोअरला विचारा. स्टोअर म्हणालं अ‍ॅपवाल्यांना विचारा.

एवढ्याशा गोष्टीवरून इतका संताप कशाला, असं माझ्या बहिणीने विचारलं. ती नवऱ्याला अ‍ॅपवरच भेटली. तिच्यासमोर प्रोफाइलांचा ढीग असायचा, त्यात चार खोटी निघाली तर बिघडत नव्हतं. माझ्यासमोरची गर्दी आठ दिवसांत संपते. ‘तुमच्या आसपास आता कुणी नाही’ असं येतं, आणि तेव्हाच अ‍ॅप पुरुष दाखवायला लागतं. कारण रिकामी स्क्रीन दाखवणं त्याला परवडत नाही.

या सगळ्याची घडणच मुळात दोन रांगांची आहे. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली या दोन गणितज्ञांनी १९६२ मध्ये एका लेखात जोड्या जुळवण्याची एक गणिती पद्धत मांडली. एका रांगेत पुरुष, दुसऱ्या रांगेत स्त्रिया, आणि प्रत्येकाकडे समोरच्यांची पसंतीक्रमाने केलेली यादी. अशा वेळी सगळ्यांच्या टिकाऊ जोड्या नेहमी लावता येतात, हे त्यांनी सिद्ध केलं. टिकाऊ म्हणजे आपापला जोडीदार सोडून एकमेकांकडे जावं असं वाटणारे दोघं कुठेच उरत नाहीत. हिंज या डेटिंग अ‍ॅपने २०१८ मध्ये आणलेली ‘मोस्ट कम्पॅटिबल’ ही सोय याच पद्धतीवर बेतलेली आहे. पण सगळे एकाच रांगेत असतील आणि कुणाचीही जोडी कुणाशीही लागू शकत असेल, तर कधी कधी चार जणांतही टिकाऊ जोड्या लागत नाहीत, हेही गेल-शॅपलींच्या त्याच लेखात आहे. आमची रांग एकच असते. माझी एक्स, तिची त्याआधीची, तिची सध्याची आणि मी, आम्ही चौघी एकमेकींना चांगल्या ओळखतो. अशा छोट्या रांगेत खोटी माणसं घुसली की खरी दिसेनाशी होतात. म्हणून माझा संताप.

‘मैत्रीण’ या शब्दाचाही असाच त्रास झाला. ‘चांगली मैत्रीण हवी’ असं लिहिलेल्या एकीला मी तीनदा भेटले. तिसऱ्या भेटीत ती मला तिच्या होणाऱ्या नवऱ्याचा फोटो दाखवायला लागली. तिने काही खोटं सांगितलं नव्हतं, तिला खरोखरच नुसती मैत्रीण हवी होती. त्या दिवशी मी घरापर्यंत चालत आले आणि वाटेतच ठरवलं, की यापुढे पहिल्या दहा मेसेजांत सरळ विचारायचं, ‘हे भेटणं म्हणजे डेट आहे ना?’ विचारायला लाज वाटते. पण ती लाज एका वाक्याची, आणि न विचारता काढलेले दीड महिने फार जड जातात.

चौथ्या महिन्यात अ‍ॅप काढून टाकलं. सहा महिने पूर्ण झाले त्या दिवशी पुढच्या सहा महिन्यांचे पैसे कापल्याचा मेसेज आला. मी हिशेबी बाई आहे. पैसे गेलेच आहेत तर ते वापरायचे, एवढ्याच कारणाने मी परतले. पण खरं सांगायचं तर जाणार तरी कुठे होते? अमेरिकेतल्या एका पाहणीनुसार २०१७ मध्ये जुळलेल्या स्त्री-पुरुष जोडप्यांपैकी ३९ टक्के ऑनलाइन भेटलेली होती, आणि समलिंगी जोडप्यांत हे प्रमाण ६५ टक्क्यांच्या आसपास होतं. लग्नात, ऑफिसात, ओळखीत कुणी माझ्यासाठी मुलगी बघून ठेवत नाही.

इथून माझं मत बदलायला लागलं.

सातव्या महिन्यात एकीशी ओळख झाली. ती ट्रान्स स्त्री आहे, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंदलेली, आणि लेस्बियन. दोनदा भेटलो. प्रेम जमलं नाही, मैत्री जमली. तिचं ते चौथं अकाउंट होतं. आधीची तीन रिपोर्ट होऊन बंद पडली होती. कुणाला जबडा रुंद वाटला, कुणाला आवाज जाड वाटला, ‘पुरुष आहे’ म्हणून बटण दाबलं गेलं आणि खातं गेलं. टिंडर या अ‍ॅपने २०१६ मध्ये लिंगाचे अनेक पर्याय दिले, त्यामागे ट्रान्स वापरकर्त्यांच्या अशाच तक्रारी होत्या. मी तिला माझी डायरी दाखवली. तिलाही माझ्यासारखीच चीड येईल असं मला वाटलं होतं. तिने ते पान वरपासून खालपर्यंत वाचलं.

“यातले सगळे दाढीवाले होते?”

नव्हते. निदान पाच-सहा जणींवर मी एकेका धूसर फोटोवरून बटण दाबलं होतं. मला तिच्याकडे बघवेना. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने डायरी मिटून माझ्या हातात दिली आणि विषय बदलला.

त्यानंतर मी रिपोर्टचं बटण फक्त जिथे समोरचा स्वतः ‘मी पुरुष आहे’ म्हणतो, पैसे मागतो किंवा घाण बोलतो तिथेच दाबलं. बाकी ठिकाणी नको असेल तर डावीकडे सरकवून पुढे.

मग एक प्रोफाइल आलं. फोटो एकच : सायकलच्या हँडलवर ठेवलेला हात, नखांच्या कडांना हिरवा रंग लागलेला. चेहरा नाही, अंतरही लपवलेलं. खाली लिहिलेलं, ‘भिंती रंगवतो, संध्याकाळी सायकल चालवतो. बायकांवर प्रेम आहे, मनापासून.’ कुठेतरी पाहिल्यासारखं वाटलं म्हणून डायरी काढली. दुसऱ्या महिन्यातली नोंद सापडली, ‘हात, सायकल, चालवतो – पुरुष.’ एकदा नाकारलेली प्रोफाइल हे अ‍ॅप काही महिन्यांनी पुन्हा दाखवतं. त्यावरूनही मी कस्टमर केअरशी भांडले होते.

या वेळी उजवीकडे सरकवलं. मॅच झाली. दोन मेसेज अहो-जाहो झालं, तिसऱ्यात ती म्हणाली, ‘अगं, आवाज पाठवतो, मग ठरव.’ व्हॉइस नोट बावीस सेकंदांची होती. जिन्यात बसून, दबक्या आवाजात बोललेली, मागे कुठलंतरी दार वाजल्याचा आवाज. बाईचा आवाज, आणि त्यात ‘मी येतो’, ‘मी करतो’. तिच्याकडच्या बायका असंच बोलतात. तिची आई तशीच बोलते, आजीही तशीच बोलायची. हे मला लहानपणापासून माहीत होतं. आमच्याच वर्गातली एक मुलगी असं बोलायची. मराठी माझीच भाषा, आणि तिचंच माप लावून मी या बाईला पुरुष ठरवलं होतं.

चेहरा का लपवला, हे तिने पहिल्याच फोनवर सांगितलं. घरी कुणाला माहीत नाही. अंतर लपवायला तिच्या एका मैत्रिणीने सांगितलं होतं. तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून अंतर मोजलं की माणसाची नेमकी जागा काढता येते, हे २०१४ मध्ये सुरक्षा-संशोधकांनी टिंडरच्या बाबतीत दाखवून दिलं होतं. ती त्रुटी तेव्हाच दुरुस्त झाली, पण जिला घरातून हाकललं जाण्याची भीती आहे ती एवढ्यावर कशी विसंबेल? ज्या खुणांवरून मी तिला खोटी ठरवलं त्या सगळ्या भीतीच्या खुणा होत्या.

भेटायच्या आधी तिने चाळीस सेकंदांचा व्हिडिओ कॉल मागितला. चेहरा दाखवला आणि लगेच फोन ठेवला. बागेत मी बाकावर बसले होते तेव्हा ती समोरच्या फाटकापाशी बराच वेळ उभी होती, हे मला नंतर कळलं.

“तूच पुरुष असशील असं वाटत होतं,” ती म्हणाली. “तुझं प्रोफाइल फारच नीट लिहिलंय.”

या गोष्टीला आता अडीच महिने झाले. डायरीतलं ते पान मी फाडलेलं नाही. तिला दाखवलं, तेव्हा तिने ‘पुरुष’वर काट मारली आणि शेजारी स्वतःचं नाव लिहिलं.

फिल्टरला आजही एकच तारा. गाळायचं ते गाळत नाही, पैसे मात्र वेळेवर नेतं, आणि परतावा अजून मिळालेला नाही. रिपोर्टच्या बटणाला तर तारे द्यायचीही इच्छा नाही, निदान दाबणाऱ्याला कारण लिहायला लावा. चेहरा नसलेली प्रोफाइल दिसली तर एक व्हॉइस नोट मागून बघा. आधी स्वतःची पाठवा.

हे लिहीत असतानाच मेसेज आलाय : ‘काम संपलं. सहाला येतो गं.’