पाउंड-औंस शिकवण्यासाठी डिजिटल काटा : शालेय वर्षभराच्या वापरानंतर

न्यू जर्सीत पाचवीत शिकणाऱ्या आमच्या मुलीला वजनाच्या एककांचे रूपांतर नीट समजावे, म्हणून सप्टेंबरमध्ये आम्ही स्वयंपाकघरात वापरतात तसा साधा डिजिटल काटा घेतला आणि शाळेचे वर्ष संपत आले तरी तो नियमित वापरात आहे. ११ पाउंडांपर्यंत वजन करणाऱ्या या काट्यावर ग्रॅम, नुसते औंस आणि पाउंड-औंस हे पर्याय एकाच बटणाने बदलतात आणि शिकवण्याच्या दृष्टीने त्याचे खरे मोल या बटणातच आहे.

१६ औंसांचा १ पाउंड आणि २,००० पाउंडांचा १ टन हे कोष्टक तिला पाठ होते. गुणायचे केव्हा आणि भागायचे केव्हा, इथे घोळ होता. अमेरिकेत लोण्याच्या एक पाउंडाच्या खोक्यात ४ औंसांच्या चार कांड्या असतात. अशा सहा कांड्या ठेवल्या की औंसांत साधारण २४ दिसतात आणि बटण दाबताच १ पाउंड ८ औंस. लोणी तेवढेच, पण एकक मोठे झाले की आकडा लहान होतो, हे तिला इथे उमगले. मात्र काटा आयते उत्तर देतो, त्यामुळे वहीत उत्तर लिहिल्याशिवाय बटणाला हात लावू देऊ नये.

सर्वाधिक उपयोग दशांशांसाठी झाला. १.५ पाउंड म्हणजे १ पाउंड ५ औंस असे मुले सर्रास लिहितात आणि दुकानातल्या चिठ्ठीवर तर वजन दशांशातच छापलेले असते. १.२५ पाउंडांचे चीज घरी मोजले की १ पाउंड ४ औंस भरते, ते पाहिल्यावर वाद उरत नाही. आपल्याकडच्या जुन्या वजनांत शेराचे छटाकही १६च, त्यामुळे पुण्याहून आलेल्या माझ्या आईने पाव, अर्धा, पाऊण म्हणजे ४, ८, १२ हे नातीकडून सहज घोटून घेतले.

फ्लुइड औंस, म्हणजे वजनाचे नव्हे तर आकारमानाचे एकक, मात्र आवर्जून वेगळा दाखवावा. एक कप मध मापाने ८ फ्लुइड औंस असतो, वजनाला सुमारे १२ औंस भरतो. टनासाठी काट्याचा उपयोग नाही. तिथे २० पाउंडांच्या बासमतीच्या १०० पिशव्या, असा हिशेब कामी आला.

मोठे भांडे ठेवले की आकडे झाकले जातात आणि मूल गणित करत असतानाच काटा आपोआप बंद होतो, हे दोन दोष रोज जाणवतात. काही काटे पाउंड फक्त दशांशात दाखवतात, तेव्हा घेण्यापूर्वी पाउंड आणि औंस वेगवेगळे दिसतात ना, हे अवश्य तपासावे.