डोमिनियनमधलं मिलिशिया: आठ महिन्यांच्या वापरानंतर

जळगावात आमच्या टेबलावर आठ महिने डोमिनियनची दुसरी आवृत्ती खेळली जातेय, कधी दोघांत, बहुतेक वेळा चौघांत. हा पत्त्यांचा खेळ: हातातल्या नाण्यांनी नवीन पानं विकत घेत आपली गड्डी घडवायची, शेवटी ज्याचे गुण जास्त तो जिंकतो. आक्रमणाच्या पानांत सगळ्यांत जास्त चुका मिलिशिया वापरताना होतात, म्हणून हा अनुभव मुख्यतः त्याच पानाचा.

किंमत ४. खेळणाऱ्याला २ नाणी मिळतात आणि बाकी प्रत्येकाने हातात ३ पानं उरेपर्यंत पानं टाकायची. कोणती टाकायची ते ज्याचा हात तो ठरवतो. नवीन भिडूला घाईत "भो, दोन टाक" असं सांगितलं जातं, तिथूनच घोळ सुरू होतो. नियम 'तीन ठेव' असा आहे. ज्याच्या हातात आधीच तीन पानं आहेत, त्याला काहीच टाकावं लागत नाही.

चौघांच्या डावात हा फरक फार महत्त्वाचा. समजा पहिल्याने मिलिशिया खेळलं. बाकी तिघे तीन पानांवर आले. पहिल्याने डाव संपवून नवीन पाच पानं उचलली. आता दुसऱ्यानेही मिलिशिया खेळलं, तर मार बसतो तो एकट्या पहिल्याला, कारण पाच पानं फक्त त्याच्याच हातात आहेत. म्हणजे टेबलावर दोघांनी मिलिशिया घेतलेलं असेल, तर तिसऱ्याने ते केवळ मारासाठी घेऊ नये. २ नाणी देणारं पान म्हणून परवडत असेल तरच घ्यावं.

मार कुठे लागतो ते आकड्यांत बघा. सुरुवातीच्या गड्डीत ७ कॉपर (प्रत्येकी १ नाणं) आणि ३ इस्टेट (गुणांची पानं, नाणी देत नाहीत). सिल्व्हरची २ नाणी, गोल्डची ३. तीन पानांवर आलेल्या हातात नुसती कॉपर असतील तर ३ नाणी होतात, एक सिल्व्हर असेल तर ४. पाच नाणी जमवायची तर तीनांत दोन सिल्व्हर आणि एक कॉपर हवं, किंवा एक गोल्ड आणि दोन कॉपर, किंवा एक गोल्ड आणि एक सिल्व्हर. तिसऱ्या-चौथ्या फेरीत हे सहसा जमत नाही, आणि नेमकी तेव्हाच ५ किमतीची चांगली पानं घ्यायची असतात: लॅबोरेटरी, मार्केट, विच. पुढे प्रॉव्हिन्ससाठी, म्हणजे सगळ्यांत जास्त गुणांच्या पानासाठी, ८ लागतात, म्हणजे तीन पानांत दोन गोल्ड आणि एक सिल्व्हर. म्हणून मिलिशिया घ्यायचं तर पहिल्या दोन फेऱ्यांत. पहिल्या दोन हातांत ४ आणि ३ नाणी आली की मिलिशिया आणि सिल्व्हर, हीच जोडी आम्हाला सगळ्यांत भरवशाची वाटली.

दोन मिलिशिया मात्र सुरुवातीला नकोत. एका फेरीत ॲक्शन एकच. बारा पानांच्या गड्डीत पुढची ॲक्शन न देणारी दोन पानं असली, तर तिसऱ्या किंवा चौथ्या फेरीत ती एकाच हातात येण्याची शक्यता सुमारे ३० टक्के, आणि मग एक वाया. जास्तीच्या ॲक्शन देणारं व्हिलेज घेऊन दोन्ही खेळली तरी दुसऱ्याचा मार बसत नाही, नुसती २ नाणी मिळतात. थ्रोन रूमवरून (एकच पान दोनदा खेळू देणारं पान) मिलिशिया खेळलं तरी तसंच: नाणी ४, मार एकदाच. चॅपल (नको ती पानं गड्डीतून कायमची काढणारं पान) आणि मिलिशिया अशी सुरुवात करतानाही हेच ३० टक्के लक्षात ठेवा. गड्डी हलकी होण्याचा फायदा एवढा मोठा आहे की तो धोका पत्करायला हरकत नाही, असं आमचं मत.

डाव उत्तरार्धात गेला की मिलिशिया बोथट होतं. समोरच्याच्या गड्डीत प्रॉव्हिन्स-डची अशी नुसती गुणांची पानं साचतात, तो तीच टाकून मोकळा होतो. विचबरोबर वापरतानाही हीच अडचण: कर्स (उणे गुणाची पानं) वाटायचे आणि मग मिलिशियाने तेच कर्स हातातून टाकू द्यायचे, यात आपणच समोरच्याचं ओझं कमी करतो. टेबलावर लायब्ररी असेल तर त्याहून वाईट. तीन पानं उरलेला भिडू लायब्ररी खेळतो, हातात दोन राहतात, आणि सात होईपर्यंत उचलतो. मिलिशिया नसतं तर त्याने तीनच उचलली असती, दोन जास्तीची पानं आपण त्याला भेट दिली. लायब्ररीच्या डावात आम्ही मिलिशिया आता घेत नाही.

मार खाणाऱ्यासाठीही एक गोष्ट. हातात स्मिदी असेल तर नाणी जास्त दिसतात म्हणून स्मिदी टाकू नका. स्मिदी आणि चांगली दोन नाणी ठेवा, तीन पानं परत येतात. व्हिलेज आणि स्मिदी दोन्ही असतील तर दोन्ही ठेवा.

मोटवर (हातातून दाखवलं की आक्रमण अडवणारं पान) फार विसंबू नये. पंधरा पानांच्या गड्डीत एक मोट असेल तर तो हातात असण्याची शक्यता तीनात एक, दोन असतील तर सुमारे ५७ टक्के. मोट दाखवला की तो हातातच राहतो, टाकायचा नाही, आणि त्याच फेऱ्यात पुढचं आक्रमण आलं तर पुन्हा दाखवता येतो. आक्रमण करणाऱ्याचा स्वतःचा फायदा मात्र थांबत नाही, त्याची २ नाणी त्याला मिळतातच.

विच हे वेगळंच प्रकरण. किंमत ५, दोन पानं उचला, बाकी प्रत्येकाला एक कर्स, म्हणजे उणे १ गुण आणि गड्डीत अडगळ. हा मार साचत जातो, म्हणून दोन विच घेणं योग्य. पहिल्या दोन हातांत ५ आणि २ नाणी येण्याची शक्यता सहात एक, आली तर विच आणि चॅपल डोळे झाकून घ्या. कर्स मांडताना मोजून मांडा: दोघांत १०, तिघांत २०, चौघांत ३०. ते संपले की विच म्हणजे फक्त दोन पानं. शिवाय तीन ढीग रिकामे झाले की डाव संपतो, त्यात कर्सचा ढीगही धरतात. पुढे असाल तर उरलेले दोन ढीग संपवायच्या मागे लागा.

बँडिट लवकर घेण्यात अर्थ नाही: ते समोरच्याची नाण्यांची पानं काढून टाकतं, पण कॉपरला हात लावत नाही. ब्यूरोक्रॅट हे आक्रमणाचं पान आम्ही जवळजवळ सोडूनच दिलं.

आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठी थोडं सामानाबद्दल. कूलरच्या झोतासमोर टेबल लावू नका, ढीग उडतात आणि दमट हवेने पानं वाकतात. या खेळात पानं सतत पिसावी लागतात, त्यामुळे प्लास्टिकची पाकिटं चढवलेली बरी, पण सगळ्या पानांना एकसारखी, नाहीतर मागून पान ओळखू येतं. केळीचे वेफर्स डाव संपल्यावर. तेलाचा डाग पडलेलं मिलिशिया गड्डीत कुठे आहे ते सगळ्यांनाच कळतं.