1,573 डॉलर आणि एक 'जुना' बटणाचा चाकू

चाकूचे 1,475 डॉलर, कुरिअरचे 38 आणि तो खोटा आहे हे एका जाणकाराच्या तोंडून ऐकायला मोजलेले 60. एकूण 1,573. टेक्सासमध्ये बसून इतकी वर्षं इटालियन बटणाचे चाकू (बटण दाबलं की पातं झटकन उघडतं ते) जमवणाऱ्याने हे लिहायचं म्हणजे लाजच वाटते. पण तो विक्रेता अजून तसलेच फोटो टाकतोय.

माल होता 11 इंची पिकलॉक, शिंगाच्या मुठीचा, 'मानियागो, 1950 चं दशक'. मानियागो म्हणजे चाकू बनवणारं इटलीतलं गाव. पिकलॉकची ओळख जमवणाऱ्यांना करून द्यायला नको. उघडलेलं पातं मिटायचं तर पाठीवरच्या पोलादी पट्टीचं टोक नखाने उचलावं लागतं. पुढे बोल्स्टर (मुठीच्या टोकाला पात्याशी असलेला धातूचा भाग) तिरका केला की पातं सुटेल अशी सोपी रचना आली आणि पिकलॉक मागे पडला, म्हणून जुन्याला भाव आहे. नकलाही म्हणूनच त्याच्या जास्त. मानियागोत आजही नवे पिकलॉक बनतात, नवे म्हणूनच विकले जातात आणि चांगले असतात. भामटे तेच दोन-अडीचशे डॉलरला घेतात, शिक्का घासून जुन्या नावाचा ठोकतात आणि अ‍ॅसिड लावून म्हातारा करतात.

मी आंधळा नव्हतो. बटण, सेफ्टी, बोल्स्टरची गोलाई, संगिनीसारखं पातं, सगळं बरोबर होतं. असणारच! वस्तू त्याच गावची. आकार पाहून जो निर्णय देतो तो फसतो, आणि मी आकारच पाहिले.

तिसरा फोटो. त्यावर मी थांबायला हवं होतं. पात्याच्या मुळाशी 'इनॉक्स' असा ठसा, म्हणजे न गंजणारं पोलाद, आणि त्याच पात्यावर टोकापासून मुळापर्यंत चहासारखा एकसारखा तपकिरी थर. इनॉक्सही गंजतं, नाही असं नाही. पण गंजलं तर कुठेतरी ठिपक्यांनी, बोटांच्या घामाच्या जागी, बिजागरीजवळच्या खाचेत. सगळीकडे सारखा रंग म्हणजे पातं बुडवलेलं आहे. हे मी स्वतः दहा जणांना सांगितलंय. त्या रात्री मात्र 'फोटोतला उजेड पिवळा असेल' अशी स्वतःची समजूत घातली. दुसरा एक गिऱ्हाईक थांबलाय म्हणाला ना तो.

हातात आल्यावर दहापट भिंगाखाली पाच मिनिटं पुरली. जुना ठसा आधी ठोकलेला असतो, घासकाम आणि पॉलिश त्यानंतर, त्यामुळे अक्षरांच्या कडा मऊ आणि सपाट होतात. इथे अक्षरांभोवती धातू वर आलेला, कडा नखाला लागत होत्या. (लेझरने कोरलेलं असेल तर खोली सगळीकडे सारखी आणि तळ जळल्यासारखा दिसतो.) बटणाची खुंटी पात्यातल्या ज्या भोकात अडकते, ते भोक हजारो वेळा चाललेल्या चाकूत एका बाजूने झिजतं. याचं भोक कालच पाडल्यासारखं धारदार. आतल्या पितळी पट्ट्या कोपऱ्यांतही काळ्या आणि बोट घासतं तिथेही काळ्या. खऱ्या जुन्या चाकूत बोट घासतं तिथलं पितळ उजळ राहतं. आणि शिंग! साठ-सत्तर वर्षांत शिंग आकसतं, बोल्स्टरपाशी केसाएवढी फट पडते, खिळ्यांजवळ बारीक तडे जातात. याची मूठ काल बसवल्यासारखी घट्ट.

'ईटली' या शब्दावरही भाळू नका. अमेरिकेत येणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं कायद्यानेच लागायचं, आजही लागतं. त्यावरून वय कळत नाही.

पैसे मी 'ओळखीच्या माणसाला' या पर्यायाने पाठवले. फीचे 44 डॉलर वाचतील असं विक्रेता म्हणाला. त्या 44 पायी 1,475 चं संरक्षण गेलं. पैसे पोचवणाऱ्या कंपनीने दोन ओळींत हात झटकले: खरेदी म्हणून नोंदच नाही.

मग पोलीस. माझी पावती, संभाषण, भिंगाखालचे फोटो यांतलं काहीही न बघता साहेबांनी मोजपट्टी आणवली आणि पातं मोजलं. पावणेपाच-पाच इंच भरलं. टेक्सासमध्ये 2013 पासून असे चाकू बाळगायला बंदी नाही, साडेपाच इंचांवरच्या पात्याला फक्त ठरावीक जागी मनाई आहे, हे मीच त्यांना समजावत उभा. फसवला गेलो मी, उलटतपासणी माझी! शेवटी 'जुना की नवा हा मतभेदाचा विषय, दिवाणी कोर्टात जा'. पोस्टाकडे जायची सोय नाही, कारण बटणाचा चाकू टपालाने पाठवायलाच मनाई. 1958 च्या केंद्रीय कायद्याने परराज्यातला व्यवहारही अडकतो. विक्रेता याच राज्यातला होता म्हणून निदान मी तरी सुटलो. ऑनलाइन तक्रार केली तिथून एक आकडा मिळाला. चार महिने झाले, आकडा आहे, माणूस नाही. छोट्या दाव्यांच्या कोर्टात समोरच्याचा खरा पत्ता लागतो, आणि कुरिअरवरचा पत्ता एका भाड्याच्या टपालपेटीचा निघाला. भामट्यांना हे सगळं पाठ असतं. ते असाच माल निवडतात, ज्याची तक्रार करताना माणूस आधीच अर्धा आरोपी ठरतो.

भारतातल्या मित्रांनो, बाहेरून मागवूच नका. कस्टममध्ये खऱ्या-खोट्याची चर्चाच होणार नाही.

फोटो मागायचे तर हे मागा: पातं अर्धं उघडं, पाठीवरची पट्टी उचललेली, खुंटीच्या भोकाचा जवळून, आणि पात्याच्या फटीतून टॉर्च मारून आतल्या पट्ट्यांचा. 'कॅमेरा तेवढा चांगला नाही' असं उत्तर आलं की तिथून निघा. माझ्याकडे 14 फोटो होते, यांतला एकही नव्हता.

आणि मूठ तपासायला तापलेली सुई टोचण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. शिंग असेल तर जळक्या केसाचा वास येईल, ठीक. पण जुन्या चाकूंवर सेल्युलॉइडही असतं, आणि ते भडकन पेटतं. चोळून कापराचा वास येतो का एवढं पाहिलं तरी पुरे.