शालेय आरोग्य कार्यक्रमातलं लैंगिकता शिक्षण: साहित्य चांगलं, क्रम बदलून घ्या

केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत योजनेचा शालेय आरोग्य कार्यक्रम २०२० साली आला. प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक, शक्यतो एक बाई आणि एक सर, प्रशिक्षण घेऊन आरोग्यदूत होतात आणि आठवड्याला एक असे वर्षात २४ तास घेतात. महाराष्ट्रात २००७ मध्ये शाळांतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी आली होती. त्यानंतर नातेसंबंध, लिंगसमानता, प्रजनन आरोग्य, हिंसेपासून सुरक्षितता हे सगळं एनसीईआरटीच्या (शालेय अभ्यासक्रम आणि पुस्तकं तयार करणारी केंद्रीय संस्था) साहित्यात एका जागी मिळणं ही मोठी मजल आहे.

घोडं अडतं ते क्रमावर. अकरा विषयांत प्रजनन आरोग्य नववं आणि सुरक्षितता दहावी. जूनपासून ओळीने शिकवत गेलं की हे विषय नेमके स्नेहसंमेलन आणि सराव परीक्षांच्या दिवसांत येतात, मग तो तास गणिताला जातो. हे दोन्ही विषय दिवाळीआधी उरकावेत. मुलामुलींना वेगळं बसवू नये. पाळी का येते, पॅड कसं वापरतात हे मुलग्यांनाही समजलं की चिडवणं कमी होतं.

नाव न लिहिता प्रश्न टाकायच्या प्रश्नपेटीसाठी सगळ्यांना एकाच मापाची चिठ्ठी द्या. ज्याला काही विचारायचं नाही त्यानेही ‘प्रश्न नाही’ लिहून टाकायचं. नाहीतर कोण लिहितंय ते वर्गाला दिसतं आणि पेटी रिकामीच राहते. चिठ्ठ्या आधी एकट्याने वाचा, उत्तरं पुढच्या तासाला द्या. अत्याचाराबद्दल कुणी सांगितलं तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मुळीच देऊ नका. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि हे मुलांना पहिल्याच तासाला सांगायला हवं. १०९८ हा बाल मदतवाहिनीचा नंबर फळ्यावर कायम असू द्या.

समावेशकतेला मात्र आम्ही कमी गुण देतो. तृतीयपंथी मुलांना सामावून घेण्यासाठी एनसीईआरटीने तयार केलेली शिक्षकांची पुस्तिका २०२१ मध्ये संकेतस्थळावरून काढली गेली. त्यामुळे वर्गातल्या सर्वात एकट्या मुलाबद्दल शिक्षकाला आधार उरला नाही, हे फार वाईट झालं. असा आधार पुन्हा मिळेपर्यंत निदान उदाहरणं बदला: ‘मुलाला मुलगी आवडली’ऐवजी ‘कुणाला कुणी आवडलं’, ‘आईबाबांना सांग’ऐवजी ‘विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांग’. अंध मुलांना चित्रांऐवजी हाताळता येतील अशी मॉडेल द्या. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी ‘माझं शरीर, माझा नकार’ हा एकच धडा छोट्या वाक्यांत, आठवड्यामागून आठवडे घ्यावा लागतो.