मोशन ग्राफिक्ससाठी १६ कोअर: शिगम्यापासून चवथीपर्यंतचा अनुभव

शिगम्याच्या आधी फोंड्यातील आमच्या लहानशा स्टुडिओत १६ कोअरचा (एकाच वेळी स्वतंत्र काम करू शकणाऱ्या भागांचा) रायझन ९ ७९५०एक्स हा प्रोसेसर बसवला. आता चवथ (गणेश चतुर्थी) उलटली आहे आणि मिरवणुकीतल्या एलईडी पडद्यांपासून नाट्यप्रयोगांच्या जाहिरातींपर्यंत बरेच काम त्यावर झाले आहे.

आफ्टर इफेक्ट्स या मोशन ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये कीफ्रेम (हालचालीचे टप्पे) सरकवताना किंवा एक्स्प्रेशन (हालचाल ठरवणारी सूत्रे) लिहिताना यांतले बहुतेक कोअर स्वस्थ असतात. तिथे जाणवतो तो एकेका कोअरचा वेग. ५.७ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा हा प्रोसेसर आमच्या सहा कोअरच्या जुन्या यंत्रापेक्षा निश्चितच चपळ आहे, पण ती चपळाई कोअरच्या संख्येमुळे आलेली नाही. म्हणूनच ४.५ गिगाहर्ट्झवर थांबणारा ३२ कोअरचा थ्रेडरिपर ३९७०एक्स एकट्याने काम करणाऱ्याला मी सुचवणार नाही.

कोअरचा खरा उपयोग रेंडरच्या, म्हणजे अंतिम चित्रफीत तयार करण्याच्या, वेळी होतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या आवृत्तीपासून आफ्टर इफेक्ट्स एकाच वेळी अनेक फ्रेम रेंडर करते, मात्र त्यांतल्या प्रत्येक फ्रेमला स्वतंत्र मेमरी लागते. ३२ जीबी रॅमवर फोर-के कॉम्पोझिशन (थरांनी बनलेले दृश्य) लावले की मेमरी आधी संपे आणि निम्मेअधिक कोअर रिकामे राहत. रॅम ६४ जीबी केल्यावर त्याच प्रकल्पाचा रेंडर स्पष्टपणे लवकर होऊ लागला. त्यामुळे ज्यांचा खर्च मर्यादित आहे त्यांनी आठ वेगवान कोअर घेऊन उरलेले पैसे रॅममध्ये घालावेत, असे माझे ठाम मत आहे. जुने प्लगइनही (वेगळे जोडलेले इफेक्ट) तपासावेत, कारण या पद्धतीला न जुळणारा एक इफेक्टसुद्धा सगळी रांग अडवतो. कामाचा चौथा हिस्सा एकापाठोपाठ एक असाच होणारा असेल, तर कितीही कोअर लावले तरी एकूण वेग चौपटीपलीकडे जात नाही.

थ्रीडी शीर्षके आम्ही रेडशिफ्ट या रेंडर सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्स कार्डावर काढतो, त्यामुळे तिथे कोअर मोजण्यात अर्थ नाही. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचे सायकल्स हे रेंडर इंजिन प्रोसेसरवर चालवले तर सोळाही कोअर पूर्ण राबतात.

उष्णतेचा विचार गोव्यात वेगळा करावा लागतो. १७० वॅटचा हा प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जातो, आणि तशीच त्याची रचना आहे. पण मे महिन्याच्या दमट दुपारी ती उष्णता खोलीतच साठते. मी बायोसमधून (संगणकाच्या मूळ सेटिंग्जमधून) प्रोसेसरची वीज कमी करणारा १०५ वॅटचा इको मोड लावला. रेंडरला थोडा अधिक वेळ लागतो, परंतु पंख्यांचा आवाज उतरला आणि पावसाळ्यात वीज गेल्यावर चालू फाइल जतन करण्याइतका वेळ यूपीएस सहज देऊ लागला.