राउटरच्या सोलरमध्ये सासऱ्यांना घातलेला गंडा

पुण्यात धायरीला आमच्याकडे गुरुवारी लाइट जाते, पावसाळ्यात तर वाराचंही बंधन नाही. माझं काम घरून चालतं, म्हणून बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, राउटरपुरतं सोलर बसवून घेतलं. १०० वॅटचं पॅनल, एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी चार्ज करणारा), १२ व्होल्ट २४ एएचची (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज साठते त्याचं माप) लिथियम फॉस्फेट बॅटरी. साडेअकरा हजार रुपये. बसवणारा ‘काका, काका’ करत आला, ‘पक्कं बिल घेतलंत तर जीएसटीचा भुर्दंड’ म्हणाला आणि वहीच्या पानावर नुसता आकडा लिहून गेला.

राउटर आणि फायबरचा डबा मिळून जेमतेम १२ वॅट खातात. २४ एएचवर रात्र सहज निघायला हवी. आमचं दोन तासांत बंद. आधी ‘ढग आहेत, काका’ हे उत्तर, मग फोन उचलणंच थांबलं.

बॅटरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. पाऊण किलोही भरेना. स्क्रू काढले, तर आत ६ एएचचे चार सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक माळेत. सिरीजमध्ये व्होल्टेज वाढतं, एएच नाही. ३.२ चे चार म्हणजे १२.८ व्होल्ट, पण एएच सहाच. या माणसाने सहा चोक चोवीस करून लेबल छापलं होतं! सेलही वापरलेले, टोकांवर जुन्या वेल्डिंगचे डाग आणि त्यावरच नवी पट्टी. खऱ्या २४ एएचला अशा चार माळा, म्हणजे सोळा सेल लागतात. नुसत्या सेलचंच वजन दोन किलोंवर जातं.

मग पॅनल मोजलं: ६७ बाय ४३ सेंटीमीटर. चांगलं पॅनल कडक उन्हात चौरस मीटरला २०० वॅटच्या आसपास देतं, म्हणजे १०० वॅटला साधारण अर्धा चौरस मीटर हवाच. हे ०.२९ भरलं. भर दुपारी मल्टिमीटर लावला. शॉर्ट सर्किट करंट, म्हणजे पॅनलची दोन टोकं थेट जोडल्यावर वाहणारा करंट, लेबलवर ५.९ अँपिअर, मीटरवर २.३. लेबलचा कोपरा नखाने उचलला, खाली ४० वॅटचं लेबल.

कंट्रोलरवर एमपीपीटी छापलंय, पण आत तांब्याची कॉइलच नाही, साधा पीडब्ल्यूएम, म्हणजे पॅनल नुसतं चालू-बंद करणारा स्वस्तातला प्रकार. त्यात राउटर थेट बॅटरीला जोडलेला. राउटरला १२ व्होल्ट हवेत, पण चार्जिंगच्या वेळी तिथे व्होल्टेज साडेचौदापर्यंत जातं, म्हणून मध्ये १२ व्होल्ट स्थिर देणारा कन्व्हर्टर लागतो. तो दिलाच नव्हता.

सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा विश्वास असा विकून खाल्ला, याचा संताप पैशांपेक्षा मोठा आहे. पुण्यात इलेक्ट्रिकच्या सामानाच्या तपकीर गल्लीत बिल देणारे, समोर मीटर लावून दाखवणारे दुकानदार आहेत. तिथूनच घ्या, आणि बॅटरी वजन करूनच.

आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग; पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. बिल नसलं तरी यूपीआयची नोंद आणि बसवणाऱ्याचे मेसेज आहेत. तुमच्याकडेही असाच डबा आला असेल तर चॅट पुसू नका, आणि उघडण्याआधी लेबलचे फोटो काढून ठेवा.