जेरीकॅन, साबण आणि उपासना: युगांडातील एका आरोग्य प्रशिक्षणवर्गाविषयी

पूर्व युगांडात, माउंट एल्गनच्या पायथ्याशी, एका ख्रिस्ती संस्थेच्या सामुदायिक आरोग्य प्रशिक्षणवर्गात मी परिचारिका या नात्याने तीन आठवडे होते. गावातल्याच स्वयंसेविकेने गृहभेटीत आरोग्याचे शिक्षण द्यावे, येशूची सुवार्ता सांगावी आणि त्यातूनच पुढे मंडळी, म्हणजे स्थानिक चर्च, उभी राहावी, अशी या वर्गाची पद्धत आहे.

युगांडात मिशनचे वैद्यकीय काम जुने आहे, मिशनरी डॉ. आल्बर्ट कुक यांनी कंपालातील मेंगो येथे रुग्णालय सुरू केले ते १८९७ साली. मात्र उपचार होऊन घरी गेलेले मूल त्याच दूषित पाण्यामुळे पुन्हा आजारी पडते, हे ओळखून जागतिक चर्च परिषदेच्या ख्रिस्ती वैद्यकीय आयोगाने १९६८ नंतर रुग्णालयाबाहेरच्या कामावर भर दिला. हा वर्ग त्याच वाटेवरचा आहे.

येथील शिकवणे उत्तम आहे. व्याख्यान नसते, दोघीजणी एखादा प्रसंग करून दाखवतात, मग शिक्षिका "आपल्याकडे असे घडते का?" असे विचारते आणि बायका स्वतः बोलू लागेपर्यंत थांबते. हात धुण्याच्या पाठानंतर घरोघरी टिपी-टॅप बसवले गेले: आडव्या काठीवर टांगलेला पाच लिटरचा जेरीकॅन (प्लास्टिकचा डबा), त्याला भोक, शेजारी दोरीला ओवलेला साबण, आणि पायाने काठी दाबली की डबा कलून पाणी येते. एका अंगणातली ती पायकाठी मधोमध झिजून गुळगुळीत झाली होती. टिपी-टॅप रोज वापरला जातो, याचा याहून चांगला पुरावा मला नको होता. ते घर मुस्लिम कुटुंबाचे होते. स्वयंसेविकेने प्रार्थना करू का म्हणून विचारले, घरधनीणीने नम्रपणे नको म्हटले, आणि तरीही बाळाचे वजन, लसीकरण, झऱ्याचे पाणी यांवर पाऊण तास मनमोकळे बोलणे झाले. सेवेला अट नाही, हे मी प्रत्यक्ष पाहिले आणि मला ते फार मोलाचे वाटते.

जुलाबाचा पाठ मात्र अपुरा आहे. घरी करायच्या मीठ-साखर-पाण्याची कृती, म्हणजे एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ, आणि अश्रूंपेक्षा खारट लागले तर ओतून द्या, इथपर्यंत तो नेमका आहे. पण जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००४ पासून सांगितलेल्या दहा ते चौदा दिवसांच्या झिंकच्या (जस्ताच्या) गोळ्यांचा त्यात उल्लेखही नाही. सरकारने २००१ साली सुरू केलेल्या ग्राम आरोग्य पथकातील सदस्यांनाही वर्गाला बोलावलेले नव्हते, त्यामुळे काही घरांत दोन्हीकडच्या भेटी होत आणि काही घरे दोन्हीकडून सुटत.

माझी खरी तक्रार शुक्रवारच्या तपासणीविषयी आहे. तपासणीआधी उपासना होत असे, आणि एके दिवशी डोळे खोल गेलेल्या, म्हणजे अंगातले पाणी कमी झालेल्या, बाळाला मांडीवर घेऊन एक आई ती संपण्याची वाट पाहत शेवटच्या बाकावर बसून राहिली. मी उठून बाळाला सावलीत नेले आणि चमच्याने पाणी पाजू लागले, तेव्हा कोणी अडवले नाही. पण तिला आधी विचारणारेही कोणी नव्हते. मी वर्गाच्या प्रमुखांशी स्पष्ट बोलले. त्यांनी ऐकून घेतले आणि पुढच्या शुक्रवारी पहिले गीत सुरू होण्यापूर्वीच आंब्याखाली एक स्वयंसेविका नोंदवही आणि क्षारसंजीवनीची पाकिटे घेऊन बसली होती. परिचारिकांनी या वर्गाला अवश्य जावे. फक्त झिंकच्या गोळ्या जवळच्या सरकारी केंद्रात मिळतात का, याची पहिल्याच दिवशी चौकशी करावी.